तय्यबजींनी टिळकांना बेल (जामीन) दिला तो ओळखीवर का? जरा सविस्तर सांगतो

मला आलेल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्यात. एक, तय्यबजी तर "पक्के काँग्रेसवाले", मग काँग्रेसचा माजी अध्यक्ष इंग्रजांच्या हायकोर्टात जज झालाच कसा. दोन, याच जजनी म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजींनी 1897 मध्ये टिळकांना बेल दिला तो जुन्या काँग्रेसी ओळखीवर दिला का, आज असं झालं असतं तर केवढी बोंब झाली असती. आणि तीन, मिठाच्या सत्याग्रहातले तय्यबजी ते हेच का. शेवटच्याचं उत्तर एका शब्दात "नाही", ते खाली सांगतो. पहिल्या दोघांना वेळ लागेल, कारण त्या काळचं कोर्ट कसं चालायचं हे कळल्याशिवाय त्या बेलचं वजन कळत नाही. मी क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करतो, आयुष्य बेल अॅप्लिकेशन करण्यात गेलंय, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा लांबतो, चालवून घ्या.

आधी माणूस. जन्म 10 ऑक्टोबर 1844, मुंबई. सुलेमानी बोहरा कुटुंब, मूळ खंबातचं, व्यापारी. वडील मुल्ला तय्यब अली भाई मियाँ. व्यापारी माणूस, पण त्या काळात त्यांनी पोरांना शिकायला थेट युरोपला पाठवलं, आणि हे 1857 च्या आगेमागे, जेव्हा मुंबईच्या बहुतेक मुसलमान घरांत इंग्रजी शिक्षण म्हणजे धर्म बुडाला असं समजायचे. थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले, तिथे सॉलिसिटर म्हणून नाव लागलेले ते पहिले हिंदी. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, मग डोळ्यांच्या उपचारासाठी फ्रान्स, तिथून 1860 साली लंडन. लंडनची मॅट्रिक करून 1863 ला मिडल टेंपलमध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या संस्थेत, नाव घातलं. मधे डोळे इतके बिघडले की अभ्यास टाकून मुंबईला यावं लागलं, परत गेले, आणि एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईला आले आणि मुंबई हायकोर्टात उभे राहणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले.

आता हे "पहिले हिंदी बॅरिस्टर" वाचायला सोपं वाटतं, पण त्याचा धंद्याच्या भाषेत अर्थ काय ते बघा. मुंबई हायकोर्ट 1862 चं, म्हणजे तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं. आज फोर्टमध्ये आपण जी काळ्या दगडाची बिल्डिंग बघतो ती 1878 ला पूर्ण झाली, तय्यबजींनी सुरुवात केली तेव्हा कोर्ट अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतीत बसायचं. कोर्टाच्या दोन बाजू होत्या, ओरिजिनल साइड (थेट दाखल होणारे दावे) आणि अपेलेट साइड (खालच्या कोर्टांवरची अपिलं). मुंबई शहरातले मोठमोठे व्यापारी दावे ओरिजिनल साइडला, आणि तिथे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जाऊच शकत नव्हता, मधे सॉलिसिटर लागायचा, सॉलिसिटर ब्रीफ म्हणजे तयार केलेली केस देणार आणि बॅरिस्टर ती कोर्टात चालवणार. (ही ड्युअल सिस्टिम मुंबईत 1970 च्या दशकापर्यंत टिकली, आमच्या सीनियर लोकांच्या गप्पांत अजून निघते.) सॉलिसिटर फर्म बहुतेक इंग्रजांच्या, बॅरिस्टर सगळे इंग्रज, जज इंग्रज. मग काळ्या माणसाला ब्रीफ देणार कोण? इथे घरचा सॉलिसिटर भाऊ असणं किती कामाचं, हे वकिली केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण भावाच्या ब्रीफवर सुरुवात होते, पुढची वर्षं निघत नाहीत. ती स्वतःच्या जिवावर काढावी लागतात आणि त्यांनी काढली, जवळपास अठ्ठावीस वर्षं प्रॅक्टिस केली आणि बारच्या पहिल्या फळीत जाऊन बसले.

राजकारणात ते वकिलीतूनच आले, तेव्हा सगळेच तसे यायचे. 1873 ला मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर गेले, 1882 ला बॉम्बे लेजिस्लेटिव्ह कौन्सिलवर नेमले गेले, तब्येतीमुळे 1886 ला ते सोडलं. मधे 1883 ला इल्बर्ट बिलाची भानगड झाली. हिंदी मॅजिस्ट्रेट-जजना मुफस्सिलात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरच्या जिल्ह्यांत, युरोपियन आरोपींचे खटले चालवता यावेत असं ते बिल होतं आणि त्यावर गोऱ्या लोकांनी नुसता धिंगाणा घातला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली, तिथे फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि तय्यबजी तिघेही बोलले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, तिघेही वकील. 1885 ला याच तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. यातले मेहता शेवटपर्यंत राजकारणात राहिले आणि उरलेले दोघे जज झाले, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरीकडे 1874 पासून अंजुमन-ए-इस्लाम. सीएसएमटी स्टेशनसमोर जी शाळेची देखणी इमारत आहे ना, ती याच संस्थेची. कमरुद्दीन, बद्रुद्दीन आणि महंमद अली रोगे ही त्यामागची मुख्य माणसं. म्हणजे आपल्या समाजाला शिकवायचं काम वेगळं आणि सगळ्या देशाचं राजकारण वेगळं, दोन्ही एका माणसाने एकाच वेळी करायला हरकत नाही असा त्यांचा हिशोब होता. हाच हिशोब सगळ्यांना पटत नव्हता.

डिसेंबर 1887, मद्रास, काँग्रेसचं तिसरं अधिवेशन, अध्यक्ष तय्यबजी. पहिले मुसलमान अध्यक्ष. सहाशेच्या वर प्रतिनिधी आले होते. स्वागताध्यक्ष होते सर टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण राहिलेले, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. अध्यक्षीय भाषणात तय्यबजींचा मुद्दा असा की सगळ्या देशाला लागू असलेल्या प्रश्नांवर मुसलमानांनी इतरांच्या खांद्याला खांदा लावून काम का करू नये, मला तरी कारण दिसत नाही. अलीगढच्या मुसलमान कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांना मात्र कारण दिसत होतं. 1888 च्या सुरुवातीला दोघांत पत्रव्यवहार झाला. सर सय्यदांचा आक्षेप मुळात "नॅशनल" या नावालाच, इथे इतक्या जाती, इतके धर्म, हे सगळं मिळून एक राष्ट्र कसं म्हणता? तय्यबजींनी वाद वाढवला नाही, त्यांनी वकिली उत्तर दिलं. म्हणाले की सगळे एकच आहेत असं मी म्हणतच नाही, पण काही प्रश्न सगळ्यांचे सारखे आहेत, तेवढ्यापुरतं एकत्र बसू, आणि ज्या विषयाला मुसलमानांचा एकजात विरोध असेल तो काँग्रेसने घ्यायचाच नाही असा नियम करू. 1888 च्या अलाहाबाद अधिवेशनात हा नियम ठराव म्हणून पास झाला, हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तर विषय बाजूला.

इथे एक गोष्ट बरेच जण गाळतात. त्याच वर्षी तय्यबजींनी काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांना पत्र लिहून सुचवलं होतं की मुसलमानांचा विरोध इतका वाढलाय तर काँग्रेस काही वर्षं, निदान पाच वर्षं, थांबवलेलीच बरी. काँग्रेसने ते काही ऐकलं नाही. मी हे सांगतोय कारण प्रश्नात "पक्के काँग्रेसवाले" असं लिहिलंय, आणि पक्का पार्टीवाला माणूस स्वतःची पार्टी पाच वर्षं बंद ठेवा म्हणेल का? त्यांना आंधळी निष्ठा हा प्रकारच नव्हता, समोरच्याची बाजू जरा जास्तच दिसायची, राजकारणात हा दोष आणि जजच्या खुर्चीत गुण.

आता जज कसे झाले. लोकांना वाटतं काँग्रेस म्हणजे सरकारविरोधी, मग सरकार तिच्या अध्यक्षाला जज कसं करेल. पण 1887 ची काँग्रेस म्हणजे 1942 ची नव्हे. अर्ज-विनंत्या करणारी, राणीचा जयजयकार करून सभा संपवणारी ती संस्था होती. आणि यादी बघा. तेलंग, पहिल्या काँग्रेसपासून त्यात, 1889 ला मुंबई हायकोर्टात जज. तय्यबजी, 1887 चे अध्यक्ष, 1895 ला जज. नारायण गणेश चंदावरकर, 1900 च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष आणि लगेच 1901 ला मुंबईत जज. शंकरन नायर, आपल्या अमरावतीला 1897 ला भरलेल्या काँग्रेसचे अध्यक्ष, 1908 ला मद्रास हायकोर्टात जज. म्हणजे हा अपवाद नाही, चांगला पॅटर्न आहे. सरकारचा हेतू शुद्ध होता असं मी म्हणत नाही हां. हुशार वकील-पुढारी बेंचवर बसला की स्टेजवरून गेला, एका दगडात दोन पक्षी. फिरोजशहांच्या तिघांच्या टीममधले दोघे असे गेले, तेलंग तर 1893 ला अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी वारले.

कायद्याची बाजूही बघून घ्या. 1861 च्या इंडियन हायकोर्ट्स अॅक्टप्रमाणे किमान एक तृतीयांश जज बॅरिस्टर हवेत, किमान एक तृतीयांश आयसीएसवाले (सरकारी सिव्हिल सर्व्हिसमधले) हवेत, बाकीच्या जागा खालच्या कोर्टातले जज किंवा हायकोर्टाचे वकील यांच्यातून. बॅरिस्टरला पाच वर्षांची प्रॅक्टिस पुरे. तय्यबजींची अठ्ठावीस. तेव्हा पात्रतेचा प्रश्नच नाही, ते जून 1895 मध्ये मुंबई हायकोर्टाचे पहिले मुसलमान जज झाले. पण त्याच अॅक्टमध्ये आणखी एक वाक्य आहे जे आजच्या वाचकाने दोनदा वाचावं. जज आपल्या जागेवर राहणार ते महाराणीची मर्जी असेपर्यंत. आज हायकोर्टाच्या जजला काढायचं तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत महाभियोग लागतो, तेव्हा काहीच लागत नव्हतं. आणि अशा खुर्चीत बसून दोन वर्षं झाल्यावर त्यांच्यासमोर टिळक आले.

1897 चं पुणं. प्लेग, प्लेगचा बंदोबस्त बघणारा इंग्रज अधिकारी रँड याचे सोल्जर घराघरांत घुसतायत, लोक चिडलेले. 15 जूनच्या केसरीत शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आला, "शिवाजीचे उद्गार" ही कविता आली, आणि उत्सवातल्या भाषणाचा सारांश आला, ज्यात अफझलखानाला मारलं ते योग्य की अयोग्य याची चर्चा होती. 22 जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने दोन टोकं जोडली. 27 जुलैला टिळकांना मुंबईत अटक, कलम 124 अ, राजद्रोह. जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेप काळं पाणी, म्हणजे नॉन-बेलेबल.

बेलचा क्रम वकिलाच्या नजरेने बघण्यासारखा आहे. चीफ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनी बेल नाकारला. लगेच हायकोर्टात गेले, बेंचवर पार्सन्स आणि रानडे, हो, आपले महादेव गोविंद रानडे. तिथेही नाही मिळाला, मॅजिस्ट्रेटपुढचं काम चालू आहे, केस सेशन्सला कमिट झाल्यावर, म्हणजे वरच्या कोर्टात खटल्यासाठी पाठवल्यावर, पाहिजे तर परत या. मग केस कमिट झाली आणि 4 ऑगस्टला पुन्हा अर्ज, या वेळी तय्यबजींसमोर. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दिनशा दावर. हे नाव सोडू नका.

सरकारचा कडक विरोध होता. तय्यबजींनी बेल दिला. 50,000 रुपयांचा, आणि 25,000 चे दोन जामीनदार. 1897 चे पन्नास हजार! त्यातले एक जामीनदार मुंबईचे शेठ द्वारकादास धरमसी. तेव्हा "ओळखीवर सोडला" म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा बघावा, ओळखीवर सोडायचा असता तर एवढी रक्कम कशाला लावतील. मला तर ती रक्कम जरा जास्तच वाटते, पण त्यामागचा विचार समजतो, उद्या सरकारने वर तक्रार केली तरी कुणी म्हणू नये की आरोपी पळून जाण्याची सोय केली.

ऑर्डरचं सार सांगतो. बेलच्या वेळी बघायचं मुख्य काय, तर आरोपी खटल्याला हजर राहील का. बाकीचा लेख राजद्रोही आहे की नाही हा ज्युरीचा विषय, आज त्यात शिरायचं नाही. हा आरोपी पळून जाईल असं कुणी म्हणतंय का? नाही. आता समजा बेल दिला नाही आणि महिन्याभराने ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, मग तो जो महिना तुरुंगात बसला त्याचं काय? निर्दोष माणसाला शिक्षा झालीच की. आणि तुरुंगात बसून तो आपला बचाव तरी कसा उभा करणार? झालं, एवढंच. ना स्वातंत्र्यावर प्रवचन, ना टिळक किती थोर, ना सरकार किती वाईट. माझ्याकडे येणाऱ्या ज्युनियर पोरांना मी हे लॉजिक तोंडपाठ करायला लावतो, कारण आजही कुठल्याही बेलच्या अर्गुमेंटचा सांगाडा हाच आहे. कलमाचे नंबर बदलत गेले, जुन्या क्रिमिनल प्रोसिजर कोडमधलं 498, मग 1973 चं 439, आता नव्या संहितेत 483, पण हायकोर्टाची बेल देण्याची पॉवर तीच आणि ती वापरायची की नाही हा विवेकाचा भाग पण तोच.

आता ओळखीचा मुद्दा नीटच घेतो. टिळक आणि तय्यबजी एका कंपूत होते का? अजिबात नाही. तय्यबजी हे मेहता-तेलंग-रानडे या मवाळ, सुधारक वर्तुळातले. 1895 ला, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी, पुण्याच्या काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरू द्यायची नाही यावरून टिळकांच्या बाजूच्या लोकांनी रान उठवलं होतं, सार्वजनिक सभा ही पुण्याची राजकीय संस्थाही त्याच वर्षी रानडे-गोखल्यांच्या हातातून टिळकांच्या बाजूला गेली होती. ओळखच लावायची तर पुण्यातली इतक्या वर्षांची ओळख रानड्यांची होती, आणि त्यांच्या बेंचने तर नाकारला! (रानड्यांना यात दोष देऊ नका, कमिटल व्हायच्या आधी हायकोर्टाने थांबणं हे तेव्हाच्या पद्धतीत बसणारं होतं, दोन जजचं बेंच होतं, आणि परत यायचं दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. पुण्यात मात्र त्यावरून बरंच वाकडं बोललं गेलं असणार, आपल्याकडे ते होतंच.)

आणि दुसरी गोष्ट जी मला जास्त महत्त्वाची वाटते. केस कशावर होती? शिवाजी उत्सव, अफझलखानाचा वध. 1893 च्या मुंबईच्या हिंदू-मुसलमान दंगलीला चारच वर्षं झालेली, गणेशोत्सव आणि शिवाजी उत्सव सार्वजनिक होतायत, आणि अनेक मुसलमान पुढाऱ्यांना त्याबद्दल धास्ती होती. तय्यबजी हे अंजुमनचे, मुंबईच्या मुसलमान समाजाचे सगळ्यात मोठे पुढारी. त्यांच्या मनात टिळकांबद्दल काही असलंच तर ते प्रेम असायला फारसं कारण नव्हतं. सोपं तर हे होतं की मॅजिस्ट्रेटने नाकारला, दोन जजनी नाकारला, मीपण नाकारतो, कुणी बोट दाखवलं नसतं, सरकार खूश, स्वतःच्या समाजातले काही लोकही खूश. बेल ऑर्डरमध्ये ना अफझलखान आला ना काँग्रेस. आरोपी येईल का कोर्टात? येईल. मग सोडा. प्रश्न विचारणाऱ्याने म्हटलंय तसा कॉन्फ्लिक्ट असलाच तर तो उलट्या दिशेचा होता.

त्या बेलने प्रत्यक्षात काय दिलं ते पण बघा. 4 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर, पाच आठवडे. एवढ्या वेळात कलकत्त्याच्या मंडळींनी, त्यात अमृत बझार पत्रिकेचे घोष बंधू होते, रवींद्रनाथ टागोर होते, पैसे उभे केले आणि तिकडून बॅरिस्टर प्यू आणि गार्थ मुंबईला आले. टिळकांना माफी मागायचे सल्ले आले, ते त्यांनी धुडकावले, आणि ते बाहेर राहून, लोकांत राहून धुडकावले. तुरुंगाच्या कोठडीत एकट्याने निर्णय घेणं आणि आपल्या माणसांत बसून घेणं यात फरक पडतो, कस्टडीतल्या क्लायंटला भेटून आलेला कुठलाही वकील हे सांगेल.

खटला झाला जस्टिस स्ट्रॅचीपुढे. नऊ ज्युरर, सहा युरोपियन आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. स्ट्रॅचीने ज्युरीला सांगितलं की "डिसअफेक्शन" म्हणजे सरकारबद्दल प्रेमाचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नाही तर तुम्ही राजद्रोही! आमच्या लॉ कॉलेजात हे वाचताना पोरं हसायची. 14 सप्टेंबरला अठरा महिने सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे लंडनच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टात गेले, तिथे टिळकांकडून अॅस्क्विथ उभे राहिले, जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले, पण अपिलाची परवानगी मिळाली नाही. संस्कृतचे पंडित मॅक्सम्युलर वगैरे लोकांनी अर्ज केले आणि सप्टेंबर 1898 मध्ये टिळक मुदतीच्या आधी सुटले. तेव्हा बेलने निकाल बदलला नाही हे खरं. बेलचं ते कामच नसतं.

आता दावर. 1897 ला टिळकांचा बेल मागणारे हेच दिनशा दावर 1908 ला मुंबई हायकोर्टाचे जज होते आणि टिळकांवरचा दुसरा राजद्रोहाचा खटला त्यांच्यासमोर आला. जुलै 1908, बेलचा अर्ज. टिळकांकडून बॅरिस्टर महंमद अली जिना. मुद्दे जवळपास तेच, जे अकरा वर्षांपूर्वी दावरांनी स्वतः मांडले होते आणि तय्यबजींनी मान्य केले होते. दावरांनी बेल नाकारला, आणि कारणं देणं या टप्प्यावर बरं नाही असं म्हणून कारणंही दिली नाहीत. मग ज्युरी सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी, एक हजार दंड, मंडाले. पुढे दावरांना "सर" मिळालं.

दावर वाईट वकील होते किंवा वाईट जज होते असं माझं म्हणणं नाही, पारशी कायद्यातले त्यांचे निकाल आजही वाचले जातात. पण मला कुणी विचारलं की जजच्या खुर्चीवर माणसाचं पूर्वायुष्य कसं ओळखायचं तर मी ही दोन बेल शेजारी ठेवीन. दावरांची टिळकांशी ओळख खरी होती, वकील-पक्षकाराची, याहून जवळची ओळख कोर्टात नसते. आजच्या रिवाजाने त्यांनी ती केस घ्यायलाच नको होती, "नॉट बिफोर मी" म्हणून पुढे पाठवायची. ज्या जजची ओळख होती त्याने नाकारला, आणि ज्याच्यावर ओळखीचा संशय घेतला जातोय त्याने उघड कारणं देऊन दिला. कारणं दिली की वरचं कोर्ट तपासू शकतं, वर्तमानपत्रं टीका करू शकतात, सव्वाशे वर्षांनी आपण इथे बसून वाद घालू शकतो. कारणं नाहीत तर काय तपासणार? म्हणून आजच्या जजबद्दल कुणी "हा अमक्या पार्टीचा होता" असं म्हणालं की मी पार्टी विचारत नाही, ऑर्डर मागतो.

बेंचवर आल्यावर तय्यबजींनी काँग्रेसच्या स्टेजवर जाणं सोडलं पण सार्वजनिक काम सोडलं नाही, ते शिक्षणाकडे वळलं. 1902 ला ते हंगामी चीफ जस्टिस झाले, मुंबई हायकोर्टात त्या खुर्चीवर बसलेले पहिले हिंदी. 1903 ला मुंबईत मुसलमानांची शैक्षणिक परिषद भरली, अध्यक्ष तय्यबजी, आणि तिथे त्यांनी पडद्याविरुद्ध भूमिका घेतली. नुसती भाषणात नाही, घरातल्या मुलींना शिकवून. ब्रीच कँडीला समरसेट हाऊस नावाचं त्यांचं घर होतं, आणि या घराण्याची एक भारी पद्धत होती, घरात "अखबार" नावाच्या वह्या ठेवायच्या आणि त्यात घरच्या बायका-पुरुष-पोरांनी रोजच्या घडामोडी लिहायच्या. आजच्या फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपपेक्षा बरी वाचनीय चीज. 19 ऑगस्ट 1906 ला ते लंडनमध्ये वारले. म्हणजे टिळकांचा 1908 चा खटला बघायला ते नव्हतेच, त्यामुळे "तय्यबजींनी 1908 ला का नाही सोडलं" असं जे कुठेकुठे लिहिलेलं दिसतं ते निव्वळ तारखा न बघता लिहिलेलं आहे.

तिसरा प्रश्न राहिला. मिठाच्या सत्याग्रहातले ते अब्बास तय्यबजी, बद्रुद्दीन यांचे पुतणे आणि जावईसुद्धा. तेही बॅरिस्टर, बडोदा संस्थानच्या हायकोर्टात जज, पुढे चीफ जस्टिस. काका वकील ते पुढारी ते जज असे गेले, पुतणे उलटे, आधी जज आणि म्हातारपणी पुढारी. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने पंजाबची जी चौकशी केली तिच्या कमिटीत ते होते आणि तिथून माणूस पुरता बदलला. 1930 ला गांधींना अटक झाल्यावर गुजरातेतल्या धारासणाच्या मिठागरांवरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व यांच्याकडे आलं आणि निघाल्या निघाल्या यांनाही पकडलं, तेव्हा वय शहात्तरच्या आसपास. नेटवर शोधताना आणखी एक घोळ होतो, बद्रुद्दीन तय्यबजी नावाचे एक आयसीएस अधिकारीही सापडतात, स्वतंत्र भारताचे राजदूत आणि नंतर अलीगढ विद्यापीठाचे व्हाइस चान्सेलर. ते यांचे नातू, आजोबांचं नाव ठेवलेलं. फोटो टाकताना बघून टाका, नातवाचा फोटो आजोबांच्या नावाने फिरताना मी पाहिलाय. लांब पांढरी दाढी आणि डोक्यावर फेटा असेल तर आजोबा.